कोरी कड

दुपारी हात धुताना तिला आठवलं. सकाळी कडांना लावताना पॉलिशचा डबा मध्येच संपला होता. ती नवा आणायला गेली आणि परत येऊन सरळ वरच्या बाजूंना दुसरा हात द्यायला बसली. कपाटाच्या आठ दारांच्या आठ फळ्या, आणि त्यांतल्या एकीची कड कोरीच राहिली. कोणत्या फळीची? देव जाणे.

फळ्या चौकटीत बसवायच्या आधीच कडांना पॉलिश लावायचं असतं. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, फळी खाचेतून जराशी बाहेर येते आणि कोरी कड पांढऱ्या रेघेसारखी डोळ्यांत भरते. हे काम तिच्या नवऱ्याचं. तो जाऊन वर्ष झालं. धाकटा दीर सुतार. त्याने "महिनाभर बघू" म्हणून तिला घेतलं होतं आणि महिना आज भरत होता. रोज एकदा तरी तो म्हणायचा, "दादाचा हात काय होता, वहिनी!" तिचे कान किटले होते.

पलीकडे दीर एकेका चौकटीला गोंद लावून दारं आवळत होता. पाच झाली होती. उरलेल्या तीन फळ्या तिने उलटसुलट करून पाहिल्या; त्यांच्या कडा चोख होत्या. गप्प बसावं का? रेघ दिसेल सहा महिन्यांनी, तोवर कोण विचारतंय? तिने डबे पुसले, पुसलेले डबे पुन्हा पुसले, तहान नसताना दोनदा पाणी प्यायली.

"पायाला भिंगरी लागलीय का?" दीर वैतागला.

"भाऊजी, थांबा. एका फळीची कड राहिलीय."

"कोणत्या फळीची?"

"माहीत नाही."

"अहो, गोंद धरत आलाय!"

"म्हणून तर आत्ता सांगतेय. उघडा."

पुटपुटत त्याने पहिलं दार ठोकून सोडवलं. कड चोख. दुसरं, तिसरं, तेही चोख. आता चूक सापडली नाही तर आपलं काही खरं नाही, या धास्तीने तिने चौथं दार स्वतःच पुढे ओढलं. त्यात चूक सापडली. वीतभर कड, पांढरीफटक. स्वतःची चूक बघून एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

"म्हणा आता," ती बोळा भिजवत म्हणाली. "दादाने असं कधी केलं नसतं."

दीर बोटांवरचा गोंद खरवडत बसला. "केलं असतं. सांगितलं नसतं." तो म्हणाला, "दर वर्षी हवा कोरडी झाली की मी पॉलिशची डबी घेऊन लोकांच्या घरी जायचो, त्याच्या रेघा रंगवायला. त्याला कधी कळू दिलं नाही."

"आणि मला रोज त्याचं कौतुक ऐकवायचात?"

"तो गेलाय, वहिनी. मी नाही तर कोण करणार त्याचं कौतुक?"

तिला नवऱ्याचा राग आला, वर्षभरात पहिल्यांदाच, आणि त्याची आठवणही तितकीच आली. तिने कडेवरून बोळा फिरवला.

"उद्या दहा फळ्या आहेत," दीर म्हणाला. "लवकर या. मी आता कुणाच्या घरी जाणार नाही."