दादाची सतरंजी

ही सतरंजी धुऊन उन्हात टाकली की अजून सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास सुटतो आणि माझी चिडचिड होते. दादाने ती तुरुंगात विणलेली.

किल्ल्यातल्या जुन्या तुरुंगात मी त्याला भेटायला गेले होते. जाळीच्या दोन्ही बाजूंनी सगळे ओरडत होते. आम्ही भिवंडीच्या निजामपुऱ्यात विजेवर चालणाऱ्या लूमच्या खडखडाटात वाढलेली भावंडं, ओठ बघून बोलणं कळायचं. आई कशी आहे, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. म्हणाला, "मला हातमाग शिकवतायत."

माझं डोकंच फिरलं. "अख्खी जवानी लूमवर गेली तुझी. तिथेच मुकादमाचं डोकं फोडलंस म्हणून इथे आलास. आणि हे तुला विणायला शिकवणार? भिवंडीत हातमाग कोण देणार तुला?"

तो हसला. ओठ सावकाश हलले. "लूमसारखं नाही, हात थांबला की हा माग थांबतो, सुमे."

भेटीची वेळ असल्या बडबडीत घालवली म्हणून मी घरी येईपर्यंत धुसफुसत होते.

आणि माझंच खरं झालं. सुटल्यावर तो पुन्हा लूमवरच लागला, दुसरं मिळणार काय होतं?

आज मात्र शिफ्ट अर्धी टाकून आला. नव्या मुकादमाने सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली म्हणे.

मी धसकून विचारलं, "मग तू काय केलंस?"

"लूम बंद केला आणि निघालो."

एवढं बोलून त्याने दोरीवरची सतरंजी ओढली आणि तिच्यावर आडवा झाला. ती अजून ओली होती. मी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली.