नवी चप्पल रोज कशी तुटते?

आज सकाळी गंगापूर रोडला डॉक्टरांकडे गेलो होतो. माझ्या अँजिओप्लास्टीनंतरची तपासणी. तिथे बसल्या बसल्या आईची एक गोष्ट आठवली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. निफाडला शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांची, अण्णांची, मुंबईत अँजिओप्लास्टी झाली. चार महिन्यांनी ते शाळेत जाताना पारापाशी थांबून चपलेचा अंगठा नीट करू लागले. आई दारातून बघायची. तिने नवी चप्पल आणली. तरी अण्णा रोज तिथेच वाकायचे!

"नवी चप्पल रोज कशी तुटते हो?" म्हणत तिने त्यांना थेट नाशिकला डॉक्टरांपुढे उभं केलं.

"मला काही होत नाही," अण्णा म्हणाले. ईसीजीही चांगला आला. पण डॉक्टरांनी आईचं ऐकून त्यांना ट्रेडमिलवर चालवलं, आणि छातीतलं दुखणं सापडलं. मुंबईत पुन्हा अँजिओग्राफी केली, तर तीच रक्तवाहिनी परत अरुंद झालेली. चौथी शिकलेली माझी आई!

आज डॉक्टरांनी मला विचारलं, "चालताना थांबावं लागतं का?"

"छे!" मी म्हणालो.

शेजारून बायको म्हणाली, "डॉक्टर, हल्ली यांच्या बुटाची लेस फार सुटते."