यानावरचा मिस्त्री आणि अक्काचा अंगठा

अर्जदार: मी स्वतः, त्या काळी वयाने चाळिशी ओलांडलेला, शिक्षण नववी, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा बसवकल्याणच्या तहसील कचेरीसमोरचे लिंबाचे झाड. सामनेवाले क्रमांक एक: चार वर्षे दर रविवारी सकाळी दहा वाजता दाखवल्या गेलेल्या अंतराळाच्या मालिकेचे कर्ते, राहणार परदेश, पक्का पत्ता माहीत नाही. सामनेवाले क्रमांक दोन: यांचा उल्लेख योग्य जागी येईल. साक्षीदार: बसस्टँडसमोरच्या हॉटेलचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या शेजारचे टेलरमास्टर, प्राथमिक शाळेचे एक गुरुजी, आणि माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, राहणार दुबलगुंडी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. माणसांची नावे मी जाणूनबुजून देत नाही. घटनेचा काळ: गच्चीगच्चीवर डिश अँटेना चढल्या आणि घराघरातली तरणी माणसे पुण्याच्या नाही तर हैदराबादच्या बसमध्ये चढली, ती वर्षे. नेमकी तारीख लिहिल्याशिवाय मी कोणाचा अर्ज पुढे सरकू देत नाही. परंतु ते सगळे रविवार एकासारखे एक होते आणि आज ते मला वेगळे काढता येत नाहीत.

तक्रारीचा विषय थोडक्यात असा की, एका माणसाला मागे ठेवून ‘परत येतो’ असे सांगण्यात आले.

आईवडील गेल्यावर मला अक्काने वाढवले. तिचे लग्न झाले होते, परंतु नवरा लवकर वारला आणि ती दुबलगुंडीला परत आली, ती कायमचीच. दुसऱ्यांच्या रानात तूर खुडून तिने मला नववीपर्यंत शिकवले. त्यापुढे मीच शिकलो नाही, हा तिचा दोष नव्हे. बसवकल्याणला माझा जम बसला, दोन खोल्यांच्या तीन झाल्या, तेव्हा मी तिला म्हणालो, “अक्का, तिसरी खोली तुझी. येतो आन् तुला घेऊन जातो.”

“कवा?” तिने विचारले.

कचेरीला सुटी फक्त रविवारची. आणि रविवारी सकाळी ती मालिका. मी म्हणालो, “एक मालिका चालू हाय. संपत आलीय. ती संपली की त्याच्या पुढच्या रविवारी.”

दुबलगुंडी काही दुसऱ्या ग्रहावर नाही. हुमनाबादला बस बदलली की दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. तरीही मी हे वाक्य बोललो, आणि बोलताना मला काडीचीही लाज वाटली नाही, हे प्रथम नोंदवतो.

मालिका अशी होती. पृथ्वीवरून निघालेले एक यान वाट चुकते आणि चार वर्षे घराकडे येण्यासाठी धडपडते. त्यावर एक कप्तान, एक डॉक्टरीण, आणि यंत्रे सांभाळणारा एक म्हातारा मिस्त्री. पाठीमागे काळ्या ग्रहाचा सम्राट लागलेला. तिसऱ्या वर्षी यान एका ओसाड ग्रहावर अडकते. कोणीतरी खाली थांबून कळ दाबून धरल्याशिवाय ते उडणार नसते. मिस्त्री थांबतो. कप्तान त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, आम्ही परत येऊ. बोलणे हिंदीत बसवलेले होते, त्यामुळे आमच्याकडे कोणालाच अडचण नव्हती. हॉटेलात त्याचे एका दमात मराठी, कानडी आणि दखनी होऊन जाई.

त्या दिवसापासून हॉटेलात दुसरा विषय उरला नाही. मिस्त्रीला आणणार कोण आणि कसे?

शेवटचा भाग जवळ आला तसे वाद हमरीतुमरीवर येऊ लागले. प्रत्येक जण मागच्या आठवड्यात मी हेच म्हणालो होतो असे सांगू लागला. मला तोंडी व्यवहाराचा तिटकारा आहे. मी जाहीर केले की ज्याला जे भाकीत करायचे ते त्याने माझ्यासमोर करावे, मी ते पक्क्या कागदावर लिहीन, खाली सही होईल, पाकिटाला लाख लावून ते अण्णांच्या गल्ल्यात राहील आणि शेवटच्या भागानंतर सर्वांसमक्ष फोडले जाईल.

“वकीलसाब, सम्राटाला बी नोटीस काढताव का?” अण्णांनी विचारले.

“तुमचं म्हणणं सांगा, अण्णा.”

“लिहा. मिस्त्री कप्तानाचा बाप निघतंय. लहानपणी हरवलेला.”

“हे हिंदी पिक्चर न्हाई,” गुरुजी म्हणाले. त्यांचे भाकीत शास्त्रीय होते: त्या ग्रहावर काळ हळू चालतो, म्हणून कप्तान परत जाईल तेव्हा कप्तान म्हातारा झालेला असेल आणि मिस्त्री होता तसाच. टेलरमास्टरांनी सुई तोंडात धरूनच सांगितले, “मुन्शीजी, कप्तान नक्को. डॉक्टरीण जायेगी. जाताना मिस्त्रीच्या बाहीला तिनं टाका घातला ना? अर्धाच घातला. गाठ मारली न्हाई. ते काम राहिलंय तिचं.” एवढ्या बारीक नजरेने ती मालिका दुसऱ्या कोणी पाहिली असेल असे मला वाटत नाही. माझे स्वतःचे भाकीत कायदेशीर होते: यान पृथ्वीवर पोचेल, चौकशी बसेल, आणि चौकशीच्या हुकमाने मिस्त्रीला आणायला दुसरे यान सुटेल.

शेवटच्या भागाच्या आदल्या रविवारी अक्का डोळे दाखवायला बसवकल्याणला आली होती. दवाखाना बंद निघाला, म्हणून मी तिला हॉटेलात बसवले. आणि मला कळले की अक्काही ती मालिका पाहते. शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून, एकही रविवार न चुकवता.

“तुला काय कळतंय गं त्यातलं?” मी म्हणालो.

“संपली का न्हाई तेवढं कळतंय की,” ती म्हणाली.

अण्णा हसले. मीही हसलो. मग मी मोठेपणाने म्हणालो की अक्काचेही भाकीत घेऊ.

अण्णा भट्टीकडे गेले होते आणि बाकी कोणी अजून आले नव्हते. ती टीव्हीकडे पाहत होती. टीव्ही बंद होता, करंट गेला होता. “कोन बी जानार न्हाई,” ती म्हणाली. “वाईट हायेत म्हणून न्हाई. घर दिसल्यावर मानूस मागं बघतच न्हाई, बाबा. त्याचं नाव सुद्धा घेनार न्हाईत बघ.”

आता माझ्या धंद्याची रीत सांगणे भाग आहे. आमच्याकडे येणारा माणूस जे बोलतो ते आम्ही जसेच्या तसे लिहीत नाही. तो म्हणतो, साहेब काही करणार नाहीत, तरी द्या कागद. आम्ही लिहितो, साहेब न्याय देतील अशी नम्र खात्री आहे. निराशेचा अर्ज कोणत्याही कचेरीत चालत नाही. वीस वर्षांत हात तसाच वळला आहे. अक्का बोलत होती आणि माझा हात लिहीत होता: ‘कप्तानसाहेब दिलेला शब्द पाळून मिस्त्री यांस सन्मानाने परत आणतील, अशी माझी खात्री आहे.’ त्याखाली नेहमीची ओळ: ‘वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे.’ मी शाईचा पॅड पुढे केला. अक्काने अंगठा उठवला आणि पदराला पुसला. मी वाचून दाखवले नव्हते.

शेवटचा भाग आम्ही ट्रकच्या बॅटरीवर पाहिला, कारण करंटचा भरवसा नव्हता. चार वर्षे ज्याच्या भीतीने हॉटेलातले चहाचे पेले थांबत, तो काळ्या ग्रहाचा सम्राट स्वतःच्याच सिंहासनाची चुकीची कळ दाबून पहिल्या दहा मिनिटांत मेला. यान पृथ्वीवर उतरले. फुले, बँड, पदके. कप्तान आणि डॉक्टरीण यांनी एकमेकांचे हात धरले. भाषण झाले; भाषणात सगळ्यांचे आभार होते, यानाच्या स्वयंपाक्याचेसुद्धा. मिस्त्रीचे नाव नव्हते. कप्तानाच्या मागे फळीवर मिस्त्रीची हत्यारांची पेटी दिसत होती, तीच, कोपरा चेपलेली. कोणी तिच्याकडे पाहिले नाही. मग सनई वाजावी तसे काहीतरी वाजले आणि संपले.

कोणी उठेना.

“संपलं?” अण्णांनी विचारले.

“संपलं,” गुरुजी म्हणाले. “बाप बी न्हाई आन् काळ बी न्हाई.”

टेलरमास्टरांनी तोंडातली सुई काढून कॉलरला खोचली आणि थुंकी टाकायला बाहेर गेले. मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. वाईट शेवट मी समजू शकतो. ग्रह फुटला असता, मिस्त्री मेला असता, तर आम्ही रडलो असतो आणि घरी गेलो असतो. परंतु ज्यांनी तो माणूस रचला तेच त्याला विसरले होते, आणि शेवटी बँड वाजवत होते.

पाकीट फोडले. मी एकेक भाकीत वाचले आणि प्रत्येकाखाली ‘नामंजूर’ लिहिले. अण्णांचे, गुरुजींचे, टेलरमास्टरांचे, माझे. अक्काचा कागद शेवटी आला. मी तो वाचला, म्हणजे जो मी लिहिला होता तो वाचला.

“अक्का बी हरली की,” अण्णा म्हणाले.

“व्हय,” मी म्हणालो, आणि तिच्या अंगठ्याखाली ‘नामंजूर’ लिहिले. तिथे बसलेल्यांत मला एकट्यालाच ठाऊक होते की तिने सांगितले तसेच अक्षरशः घडले आहे.

पुढच्या रविवारी मी दुबलगुंडीला जायला हवे होते. मी गेलो नाही. मी मालिकेच्या कर्त्यांविरुद्ध अर्ज लिहीत बसलो. मसुदा मनासारखा होईना. एका रविवारी मराठीत, एका रविवारी गुरुजींकडून इंग्रजीत, एका रविवारी कलमांचा क्रम बदलून. मिस्त्रीला का विसरलात, या एका प्रश्नाची मी चौदा कलमे केली. वाहिनीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर आले नाही. उन्हाळा संपत आला तेव्हा मी बसमध्ये बसलो.

अक्काच्या दारात दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. ती त्यांना पाला घालत होती.

“चल, अक्का,” मी म्हणालो. “घ्यायला आलाव.”

“आता कामून?” ती म्हणाली. रागाने नव्हे, पाला घालता घालता. “संपली त्या दिवशी ट्रंक भरून ठेवली. पुढच्या रविवारी वाट बघितली. त्याच्या पुढच्या बी. चार रविवार उंबऱ्यात बसले. मग ट्रंक सोडली आन् बाजारातनं ह्या आनल्या. आता ह्यांना कुनाकडं ठेवू? तुझ्या तिसऱ्या खोलीत?”

मला हसू आले नाही. मी ओसरीवर बसलो. तिने पाणी दिले आणि माझ्यासमोर बसून, अगदी सहज, ज्यासाठी मी तयार नव्हतो ते विचारले.

“त्याची पेटी दिसली, बघितलास? नाव न्हाई घेतलं कुनी. मी म्हनले होते की न्हाई? तू लिहिलास ना माझं?”

“लिहिलं.”

“समद्यांना वाचून दाखविलास?”

“व्हय.”

“मग मीच खरी निघाले म्हन की,” अक्का म्हणाली आणि शेळीच्या पाठीवर थाप मारून हसली. आयुष्यात तिने पुष्कळ कागदांवर अंगठे दिले आहेत. रेशनचे, जमिनीचे, माझ्या शाळेचे. त्यांपैकी एखाद्या कागदाने तिला खरे ठरवल्याचा आनंद मी तिच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिला. तो कागद माझ्या खिशात होता आणि त्यावर उलटे लिहिलेले होते.

तेव्हा सामनेवाले क्रमांक दोन कोण, ते आता लिहितो. तो मीच. परदेशातल्या त्या कर्त्यांबद्दल मला आजही किळस आहे आणि ती मी मागे घेत नाही. परंतु त्यांनी मिस्त्रीच्या तोंडी खोटे तरी घातले नव्हते. मी माझ्या बहिणीला मागे ठेवले, ती मागे राहील असे ती बोलली तेव्हा तिचे बोलणे बदलले, आणि वाचून दाखवल्याची खोटी ओळ लिहिली. त्यानंतरच्या वर्षांत कॉम्प्युटरवर अर्ज छापून देणारे माझ्या झाडाला मागे टाकून पुढे गेले, टेलरमास्टर मुलाकडे पुण्याला गेले, हॉटेलातला टीव्ही भिंतीला चिकटण्याइतका पातळ झाला. अक्का अजून दुबलगुंडीतच आहे. शेळ्या आता सात आहेत.

सबब अक्काकडेच विनंती अशी की, जुना कागद चुकीचा धरून रद्द समजावा आणि सोबत जोडलेला नवा कागद दाखल करून घ्यावा. त्यात अक्काचे म्हणणे तिच्याच शब्दांत आहे. ‘खात्री’ हा शब्द मी काढला आहे. येत्या रविवारी पहिल्या बसने मी दुबलगुंडीला येत आहे. जुना आणि नवा, दोन्ही कागद मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवीन. अक्काने ते ऐकावे, समजून घ्यावे, आणि बरोबर वाटले तरच अंगठा द्यावा. चल म्हणण्याचा हक्क मी गमावला आहे, ते मी मागत नाही. मला ओसरीवर बसू देणार की नाही, एवढ्याचे उत्तर मिळावे.