पेनाला लावलेलं टोपण

घटस्फोटाचा सल्ला घ्यायला धाकट्या बहिणीला, सुमाला, घेऊन वकीलबाईंकडे गेले होते. सुमा भडाभडा बोलत होती, बाई लिहून घेत होत्या. मध्येच सुमा म्हणाली, "दारू पितो, मारतो, असंही टाका. सगळे टाकतातच ना?"

"पितो का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"हात उगारला कधी?"

"नाही हो. बोलतच नाही तो. चार-चार महिने."

बाईंनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "मग दारूचं नको. अबोल्याचं लिहू, तोही जाचच आहे. खोटं लिहिलंस, तर ते जन्मभर तुलाच सांभाळत बसावं लागेल."

मी त्या टोपणाकडे बघतच राहिले. लग्न जुळवताना आपण काय कमी खोटं बोलतो? वयापासून स्वभावापर्यंत! निदान मोडताना तरी कुणीतरी खरं बोलायला लावतंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

वर्षभर सुमा नवऱ्याला 'तो माणूस' म्हणत होती. जिना उतरताना ती थबकली.

"चहा मात्र अजित सुरेख करायचा," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.