लेईताईची चिठ्ठी

लेईताई कुणाच्या सांगण्यावरून झाडाचं नाव मान्य करत नसे. समोर प्राध्यापक असो, जंगलखात्याचा साहेब असो की जाडजूड इंग्रजी पुस्तक असो, ती आधी खोडाची साल नखाने खरवडायची, बोट नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि मगच मान हलवायची. "पहिले नाक, मंग पुस्तक," हे तिचं ठरलेलं वाक्य. वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी मोठ्या तोऱ्यात आमच्या जबलपूरच्या कॉलेजात संशोधनाला दाखल झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने माझ्या नाकाखाली एक वाळकी काडी धरली. "सांग, काय आहे?" मला सांगता आलं नाही. "अच्छा," ती म्हणाली, "म्हणजे शिकायचं बाकी आहे अजून." मला राग आला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या विभागात वाळवलेल्या झाडपाल्याची एक खोली आहे, हर्बेरियम. दाबून वाळवलेली फांदी एका जाड कागदावर चिकटवायची, कोपऱ्यात नाव, गाव, गोळा करणाऱ्याची सही, आणि गळून पडलेल्या फुलापानांसाठी कागदाची एक छोटी पुडी. असे हजारो कागद लोखंडी कपाटांत रचलेले. ते चिकटवण्याचं काम ताईचं. रोज सकाळी ती विभागाच्या शेगडीवर मैद्याची खळ शिजवायची, त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायची आणि नव्या माणसाला बजावायची, "हात लावशील तर धुवून घे. जहर आहे हे." खळीला आमच्याकडे जबलपूरला लेईच म्हणतात, म्हणून ती लेईताई. तिचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरमध्ये असणारच. पण ते वाचून पाहावं असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही. मलाही नाही.

तिचं नाक तयार झालं ते जबलपूरच्याच कांचघर वस्तीतल्या दोन खोल्यांत. वडील भंडाऱ्याकडून आलेले, एका कारखान्यात लाकडी पेट्या ठोकायचे. पेट्यांचं लाकूड बहुतेक सालईचं, हलकं आणि स्वस्त. संध्याकाळी ते पोतंभर छिलके घरी आणायचे आणि घरची चूल त्यावर पेटायची. सालईच्या अंगातच डिंक, त्यामुळे धूर सुगंधी. "आमची भाजी बी सुगंधी अन् माझा फ्रॉक बी," ताई सांगायची. शाळेतल्या मुली नाक दाबून तिला विचारायच्या, घरात रोज पूजा असते का गं तुमच्या? ती म्हणायची, हो, असते, चुलीची. घरी बुद्धवंदनेच्या वेळी ती मोठेपणीही निखाऱ्यावर सालईच्या डिंकाचा खडा टाकायची. ज्या वासावरून चिडवलं तो वास तिने कधी लपवला नाही, उलट मुद्दाम वाढवला.

सालईच्या कुळाला ती 'आमचं खानदान' म्हणायची. मी पुस्तकातून पाठ करायचे की या कुळातल्या झाडांच्या सालीत राळेच्या नळ्या असतात, पानं संयुक्त असतात, फांद्यांच्या टोकाशी गोळा झालेली. ताई तेच दुसऱ्या तऱ्हेने सांगायची. "अंगावर कागदासारखे पापुद्रे सुटतात, पाहा. वरून फाटकं दिसते. पण जरा ओरखडा काढ, लगेच आतून भरून काढते." उन्हाळ्याच्या तोंडाला ही झाडं अंगावर एक पान ठेवत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच फुलतात. हे तिला फार आवडायचं. "सगळं गेल्यावर फुलून राहिली पाहा. बेशरम," ती कौतुकाने म्हणायची. टिपकागद वाळत घालायची तार बांधायला तिने विभागामागे सालईची एक फांदी खांब म्हणून रोवली होती. पावसाळ्यात त्या खांबाला पालवी फुटली. माळी उपटायला आला तेव्हा ताई टिपकागद हातात घेऊन मध्ये उभी राहिली. "भैया, पहले मुझे उखाड़ो." आज त्या खांबाची सावली दोन स्कूटरींवर पडते.

हर्बेरियमचा सगळ्यात मोठा नियम मला तिनेच शिकवला. एखाद्या कागदावर झाडाचं नाव चुकलेलं आढळलं तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही, फाडायची नाही. तिच्या शेजारी नवी चिठ्ठी लावायची. त्यावर बरोबर नाव, आणि ते कुणी ओळखलं त्याचं नाव, तारीख. उद्या आणखी कुणाला ते चुकीचं वाटलं तर तो तिसरी लावेल. "चुकलेल्याची बी इज्जत राहते अन् सुधारणाऱ्याची बी," ती म्हणायची. जगभर हाच रिवाज आहे. अशा शेकडो चिठ्ठ्या ताईच्या हाताने लागल्या होत्या. त्यातली एकही तिच्या नावाची नव्हती.

ज्या कागदावरून पुढचं सगळं झालं, तो माझ्या प्रबंधासाठी काढला होता. पाटनच्या वाटेवरच्या एका टेकडीवरून आणलेली फांदी, बिनपानाची, नुसती फुलं. गोळा करणारे आणि नाव देणारे आमच्या विभागाचे संस्थापक, ज्यांच्या फोटोला रोज हार असतो ते थोरले सर. नाव लिहिलं होतं काकड. काकड आणि सालई एकाच कुळातल्या, चुलत बहिणीच म्हणा. दोघींचे पापुद्रे सुटतात, दोघी निष्पर्ण असताना फुलतात, वाळल्यावर दोघींची फुलं सारखीच तपकिरी. ताईने कागद उचलला, पुडी उघडली. आत बाजरीच्या दाण्याएवढा राळेचा एक थेंब पडला होता. तिने टाचणी शेगडीवर तापवून त्या थेंबाला टेकवली. खोलीभर धूप पसरला.

"हे काकड नाही," ती म्हणाली. "हे माझ्या घरची चूल आहे."

विभागप्रमुख धावत आले. थोरल्या सरांचे ते लाडके शिष्य. "स्पेसिमेन जला दिया आपने?" ताईने टाचणी त्यांच्या नाकापुढे धरली. ते मागे सरकले. "आप चिपकाने का काम कीजिए," ते म्हणाले आणि कागद कपाटात गेला. एखादं फूल उकळून भिंगाखाली धरलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण थोरल्या सरांची सही कुणी भिंगाखाली धरत नसतं.

एप्रिलच्या एका रविवारी ताईने मला बसमध्ये बसवून त्या टेकडीवर नेलं. ऊन मी म्हणत होतं. डोक्याला ओला पंचा बांधून ती झाडामागून झाड नाकाने तपासत गेली. काकडाचं फळ गोल, मांसल, लोणचं घालतात असं आंबट, आणि पानांवर हमखास फोड. सालईचं फळ तीनधारी, वाळलं की तीन पाकळ्यांनी उकलणारं. त्या टेकडीवर काकडाचं झाड औषधालासुद्धा नव्हतं. सोमवारी तिने ओंजळभर तीनधारी फळं विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एक हातात घेतलं, फोडलं, बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी टाइप होऊन आली. सालईचं शास्त्रीय नाव अगदी बरोबर. आणि ओळखणार म्हणून विभागप्रमुखांचं स्वतःचं नाव.

ताईने चिठ्ठी वाचली आणि शेगडी बंद केली. "मी नाही लावणार."

"क्यों?"

"सर, पहचाना मैंने है."

"आपका नाम कैसे आएगा? आप तो अटेंडेंट हैं."

"तो फिर लेई भी आप ही पका लीजिए."

त्या दिवसापासून आमच्या विभागात खळ शिजली नाही. ताई वेळेवर यायची, टिपकागद बदलायची, कपाटं पुसायची, सगळं करायची, फक्त चिकटवायची नाही. कागदांचा ढीग टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून जमिनीवर आला. नोटीस आली, तिने सही करून घेतली. समजूत घालायला दोन प्राध्यापक आले, त्यांना चहा पाजला. मग एकदा तिने मला बोलावलं. "मला इंग्रजी अक्षर चांगलं येत नाही. तू एक चिठ्ठी टाइप करून दे ना, माझ्या नावाची."

माझ्या प्रबंधावर विभागप्रमुखांची सही व्हायची होती. मी म्हणाले, "ताई, थोडं थांबू या का?" तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "राहू दे, पोरी," ती म्हणाली. "तुझी सही बाकी आहे, ठाऊक आहे मले." मी भित्री होते. हे वाक्य मी मनाशी पुष्कळ वेळा वेगवेगळ्या शब्दांत लिहून पाहिलं आहे, पण दुसरा शब्द सापडत नाही.

शेवटी विभागप्रमुखांनी ती चिठ्ठी ऑफिसातल्या बाटलीच्या गोंदाने स्वतःच लावली. ताई दारात उभी राहून पाहत होती. "सर, उसमें कीड़ा लगेगा," तिने कामापुरतं सांगितलं. पावसाळा आला, गोंद कसरीने खाल्ला, चिठ्ठी गळून कपाटाच्या तळाशी पडली आणि नंतर झाडण्यात गेली. पुन्हा लावायची तसदी कुणी घेतली नाही. कागदावर पुन्हा एकटं काकड उरलं. बाकीचे कागद मात्र ताईला बघवेनात. "झाडांचं काय चुकलं?" असं म्हणून दिवाळीनंतर ती पुन्हा खळ शिजवायला बसली. विभागप्रमुखांना वाटलं, म्हातारी वाकली.

तिच्या निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, समोसे असं सगळं झालं. बोलायला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मोरचूद खालच्या खणात आहे. मैदा चाळून घ्यायचा." त्याही सकाळी तिने खळ शिजवली होती. निवृत्तीच्या दिवशी कशाला काम करते ही बाई, असं म्हणून आम्ही हसलो. पुढे मी तिच्या घरी जात राहिले. माझं लग्न झालं, महाराजपूरला घर झालं, त्याच कॉलेजात नोकरी लागली, तरी जात राहिले. एकदा धीर करून म्हणाले, "ताई, ती चिठ्ठी..." तिने निखाऱ्यावर डिंकाचा खडा टाकला. "माझं काम झालं तिथलं," ती म्हणाली. मला वाटलं, तिने विषय सोडून दिला. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती गेली. घरात डिंकाची अर्धी बरणी उरली होती, ती मी मागून आणली.

आता विभागाची खुर्ची माझ्याकडे आहे आणि कपाटातले सगळे कागद स्कॅन करायचं काम चालू आहे. मागच्या महिन्यात तो कागद निघाला. थोरल्या सरांच्या चिठ्ठीशेजारी, निळसर झाक असलेल्या खळीने चारही कोपरे घट्ट बसवलेली एक चिठ्ठी होती. संपूर्ण हर्बेरियममध्ये देवनागरीतली ती एकच. शाळकरी, टपोरं अक्षर. "हे काकड नाही. सालई आहे. ओळखणार: सुमित्रा मंगरू मेश्राम, लेई लावणार." खाली तारीख, निरोपाच्या दिवसाची. इतकी वर्षं ओळखत होते मी तिला, आणि तिचं पूर्ण नाव त्या दिवशी वाचलं. छिलक्यांचं पोतं आणणाऱ्या बापाचंही.

मी खालचा खण उघडला. मैदा चाळून घेतला. पहिल्या खळीत गुठळ्या झाल्या, ती टाकली. दुसरी जमली. तिच्या चिठ्ठीखाली माझी लावली, मराठीतच: "वरील ओळख मान्य." खाली माझी सही. करायची राहिली होती ती.

काल भोपाळच्या ज्या ऑफिसात हे स्कॅन जातात तिथून फोन आला. स्कॅनच्या यादीत एक नाव जुळत नाही म्हणाले. "मैडम, ये सुमित्रा मेश्राम कौन हैं? प्रोफेसरों की लिस्ट में नहीं हैं. इनकी चिट हटाकर दोबारा स्कैन भेज दीजिए."

"नहीं हटेगी," मी म्हणाले.

ते चिडले. कुठल्या नियमाने, म्हणाले. मग मी त्यांना शांतपणे सांगितलं, की हर्बेरियममध्ये लागलेली चिठ्ठी काढत नाहीत. पटत नसेल तर इथे या, टेकडीवर जा, झाड हुंगा, आणि शेजारी तुमच्या नावाची चिठ्ठी लावा. खळ मी शिजवून देईन. हा नियम तुम्हाला कुणी शिकवला, त्यांनी विचारलं.

म्हटलं, नाव चिठ्ठीवर आहे.