हिराजीभाऊंची मोकळी वाट

झाड तोडायला आलेला माणूस आधी डोळे मिटून फिरायला लागला, तर त्याच्या हातात मशीन द्यावं का? हिराजीभाऊंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हाच प्रश्न पडला. बुंध्याला हात लावून त्यांनी डोळे मिटले आणि तिरके मागे, कुंपणाच्या भिंतीपर्यंत चालत गेले. परत आले, पुन्हा तसेच गेले. जणू झोपेतच चालत होते.

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीतला गुलमोहर वळवाच्या वाऱ्याने कलला होता, तोही ऐन फुलांच्या भरात. पालिकेची परवानगी मिळाली आणि करंजाड्याहून हिराजीभाऊ चेनसॉ घेऊन आले. डोक्याला हेल्मेट, कानांवर मोठाली झाकणं, पायांत जाड बूट. नवरदेवही इतका नटत नाही. दुसऱ्या फेरीत त्यांचा गुडघा माझ्या स्कूटरला आपटला.

"मास्तर, ही गारी हलवा."

"झाड तर पलीकडे पडणार ना, भाऊ?"

"झाड जाईल पलीकरं. पन मी कुटं जाव?"

मी शाळामास्तर. दुसऱ्याने शिकवलेलं मला मुळीच खपत नाही. पण ते मशीनला हातच लावेनात, तेव्हा पुटपुटत गाडी हलवली. मग पुन्हा एक फेरी, डोळे मिटून. "झाडाला पराचाच हाय," ते म्हणाले, "आपल्याला घरी जाचा हाय."

मग मशीन सुरू झालं. ते खांद्याच्या वर न्यायचं नाही, पात्याचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही. टोक लागलं की मशीन उसळून तोंडावर येतं. कुणी हाक मारली तर आधी मशीन बंद, मग उत्तर. ओल्या लाकडाचा वास सुटला होता, भुसा उडत होता आणि वरून लाल पाकळ्या सावकाश उतरत होत्या. दुपारची गुंगी आल्यासारखं मी ते बघत राहिलो.

एकदम काड्कन आवाज झाला. खोड आतून पोकळ होतं. ते उभं चिरलं आणि त्याचा बुडखा उसळून मागे आला, नेमका हिराजीभाऊ उभे होते तिथे. मी ओरडलो आणि डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा मशीन खोडाखाली चेपलेलं होतं आणि हिराजीभाऊ भिंतीशी, माझ्या स्कूटरच्या जागी उभे होते. अंगभर पाकळ्या.

"मशीन दुकानात मिलते, मास्तर," ते धापा टाकत म्हणाले.

मी तिथेच मातीत बसलो. त्या दिवसापासून तो माणूस मला घरचा वाटू लागला. पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी ते फांद्या छाटायला येत आणि मी न सांगता गाडी हलवत असे.

मग एका वर्षी ते आलेच नाहीत. आजारी असल्याचं कळलं, आणि मी जायच्या आधीच ते गेल्याचंही. मी करंजाड्याला गेलो. वहिनी रिकाम्या खाटेजवळ बसल्या होत्या.

"सांजच्याला मना बोलले, ही पेटी हलव, हंडा हलव. खाटेपासून दारापरत सगला मोकला करवला. मी बोलले, तुमाला उठवत नाय, कुटं जाताव? तं बोलले, वाट मोकली आसूं दे." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मंग डोले मिटून परले. चादरीखाली पाय तेवरे हलत व्हते."

खाटेपासून दारापर्यंतची जमीन अजून तशीच मोकळी होती. फक्त दारात, भेटायला आलेल्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. निघताना मी त्या सगळ्या चपला बाजूला सारल्या.