हमीवाल्या काकांची फेरी

"ताई, पुढचं युग हाय डेफिनिशनचं आहे, आणि त्या अख्ख्या युगाला ही सिस्टीम पुरून उरेल."

व्हिडिओ एडिटिंगची सिस्टीम विकायला कंपनीकडून आलेले काका आमच्या स्टुडिओत पाऊल टाकल्या टाकल्या हे म्हणाले होते. माझी लेक तेव्हा टेबलाखाली बसून कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा चघळत होती. नवरा गालातल्या गालात हसला. मी नाही हसले. गोडबोले विक्रेते मी पुष्कळ पाहिले होते, पण विकायच्या मालावर स्वतःच इतका जीव टाकलेला माणूस पहिल्यांदा पाहत होते. नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की हीच घ्यायची. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही, पण घेतली.

लहान फ्रीजएवढा तो डबा, दोन जाडजूड मॉनिटर, रंगीत बटणांचा कीबोर्ड आणि त्याच्या बाजूला गोल चक्री. चक्री फिरवली की चित्र पुढे-मागे सरकायचं आणि नवरीच्या पापणीचा केससुद्धा दिसायचा. आमच्या भागात असं व्यावसायिक मशीन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. नवरा शूटिंग करून आणायचा, मी कापायची आणि जोडायची. लग्नं, निरोप समारंभ, कारखान्यातल्या सुरक्षिततेच्या फिल्म, जे येईल ते.

काहीही विचारा, काकांचं उत्तर ठरलेलं असायचं. डिस्क टिकेल का? हमी माझी. वीज गेली तर? हमी माझी. म्हणून त्यांचं नावच हमीवाले काका पडलं. पुढे कंपनीनं ही सिस्टीम बनवायचीच बंद केली आणि काकांना घरी बसवलं. पण काकांनी दिलेला शब्द काही घरी बसेना. दर महिन्याला त्यांची फेरी चालूच राहिली. बंद पडलेल्या स्टुडिओंतून ते सुटे भाग गोळा करून आणायचे आणि घरी पलंगाखाली कोंबून ठेवायचे. काकू मला एकदा म्हणाल्या, "लोकांच्या घरात माळ्यावर अडगळ असते, माझ्या पाठीखाली आहे."

आले की काका आधी मशीनच्या पाठीवर हात ठेवायचे. मग डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. मग झाकण उघडून ब्रशनं धूळ काढायची आणि त्यासोबत मला फैलावर घ्यायचं. "ही धूळ आहे की गालिचा? आणि तुम्ही जेवलात का? चेहरा बघा जरा आरशात. आणि ह्यांचा खोकला अजून तसाच? डॉक्टरकडे न्यायला काय मुहूर्त काढताय?"

माझे वडील लवकर गेले. भाऊ दूरदेशी, फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून देणारा. मला हक्कानं ओरडणारं जगात कुणी उरलेलं नव्हतं. महिन्यातून एकदा हा माणूस येऊन मला झाडायचा आणि मी पुढचा महिनाभर सुखात असायची. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

मग नवऱ्यानं नवा कॅमेरा आणला आणि त्याच्या फाईली काकांच्या मशीनवर उघडेचनात. तोवर लेक मोठी होऊन कमावती झाली होती. तिनं एक लॅपटॉप आणून माझ्यासमोर ठेवला. जुन्या मशीनवर ज्या कामाला माझी अख्खी दुपार जायची, ते त्या चपट्या पाटीवर चहा गाळेपर्यंत उरकायला लागलं. आठवड्याभरात मी त्या चक्रीला हात लावायचं सोडून दिलं.

पण काकांचा दिवस आला की मी सकाळी मशीन चालू करून ठेवायची, पडद्यावर एखादी जुनी फिल्म उघडायची आणि लॅपटॉप सोफ्याच्या उशीखाली सरकवायची.

"आई, तू ना अगदी चोरून लग्न केलेल्या मुलीसारखी वागतेस," लेक म्हणायची.

"तू गप्प बस. आणि त्या उशीवर बसू नकोस."

तिला वाटायचं, काकांच्या मनाला लागेल म्हणून माझा हा खटाटोप. तेवढंच नव्हतं. मशीन लागत नाही म्हटल्यावर काका कशाला येतील? मला माझी फेरी बुडायला नको होती.

एका फेरीला काकांनी आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. झाकण काढलं, आतला एक भाग बदलला, बटण दाबलं. चट् असा आवाज आला, धुराची एक रेघ वर गेली आणि दोन्ही मॉनिटर काळे पडले. काकांनी पुन्हा सगळं सुटं केलं, पुन्हा बसवलं. दुपार गेली. शेवटी ते जमिनीवरच बसले. हाताला काजळी, कपाळाला काजळी.

"मदरबोर्ड गेला, ताई. हा आता कुठेच मिळायचा नाही." मग पडद्यावरची मघाची फिल्म आठवून ते एकदम कासावीस झाले. "तुमचं काम अर्धवट पडलं की हो! लोकांना काय सांगाल? माझ्या शब्दावर घेतलंत आणि मीच तुम्हाला तोंडघशी पाडलं."

त्यांचा आवाज चिरकला. मी उशीकडे बघत राहिले. लेकीला मात्र ते बघवलं नाही. तिनं उशी उचलली, लॅपटॉप बाहेर काढला.

"काका, काही अडलेलं नाही. आई केव्हापासून ह्याच्यावरच काम करतेय."

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले. हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि निघाले. चहा तसाच राहिला.

लेकीवर मी खूप चिडचिड केली. खरं तर ती बरोबर होती. त्यांना अपराधी वाटू देण्यापेक्षा ते बरं. पण पुढच्या महिन्यात काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. भंगारवाल्यानं डबा नेला, कोपरा रिकामा झाला आणि मला कुणी जेवलात का म्हणून विचारेना. शेवटी मीच फोन लावला.

"काय बिघडलं?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"लॅपटॉप तापतोय का?"

"नाही हो."

"मग माझं काय काम तिथे?"

माझं डोकंच फिरलं. "मी काय इतकी वर्षं त्या डब्याला चहा पाजत होते? मला तुमची आठवण येते म्हणून फोन केला. आता येताय, की मी येऊन बसू तुमच्या दारात?"

पलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो जा की! खिडकीत बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा."

आले. रिकाम्या कोपऱ्यात मी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर अवघडून बसले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मी लॅपटॉपवरचं काम पुढे चालू केलं.

एका लग्नाची फिल्म होती. सगळे नटूनथटून एकत्र फोटोला उभे, आणि नवऱ्या मुलाची आजी मात्र खुर्च्यांखाली आपली हरवलेली चप्पल शोधतेय. इकडे फोटोग्राफर हसा म्हणतोय, तिकडे आजी पडद्यामागे वाकतेय. काका खुदकन हसले. मग नवरी ती चप्पल घेऊन येते, भरजरी कपड्यांत खाली बसते आणि आजीच्या पायात घालते. आजी तिच्या डोक्यावर हात ठेवते.

काकांचं हसू थांबलं. "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं.

"हे सगळं असंच घडलं? एका पाठोपाठ एक?"

"नाही हो. आजी दिवसभर शोधत होती. हे तुकडे कुठले कुठले होते, मी जोडले."

इतक्या वर्षांत काकांनी पडद्याकडे पाहिलं होतं ते रंग नीट उमटतात का आणि चित्र अडकतं का, एवढ्यापुरतंच. ते आता माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, आणि मला अहो-जाहो करायचंही विसरले होते.

"आपल्या मशीनवरसुद्धा तू हेच करत होतीस?"

"हेच, काका. पहिल्या दिवसापासून."

"आणि मी नुसता पंखे पुसत बसलो!" त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. "जुन्या सगळ्या आहेत ना तुझ्याकडे? दाखव. पहिल्यापासून दाखव."